मेकअप बंद करा, हे सांगण्याआधी

त्वचेची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या, रोज मेकअप करणाऱ्या माणसाला पहिलं वाक्य बहुतेकदा ठरलेलंच ऐकायला मिळतं: "आधी तो मेकअप बंद करा." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे, त्यांना तो सल्ला पाळताच येत नाही. बातम्या देणारी निवेदिका, विमानातली कर्मचारी, नाटक-मालिकांतले नट-नट्या, शोरूमच्या काउंटरवर दिवसभर उभी असणारी विक्रेती, या सगळ्यांचा मेकअप नोकरीचाच भाग असतो. आणि काही माणसं अशीही असतात की गालावरचा पांढरा डाग किंवा भाजल्याची खूण झाकल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं त्यांना बळ होत नाही. अशा माणसाला "बंद करा" म्हटलं की ती मान डोलावते, चिठ्ठी घेते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा बेस लावते. पुढच्या भेटीत मात्र ते सांगत नाही. मग औषध का लागू पडत नाही याचा उलगडा ना डॉक्टरांना होतो, ना तिला.

मी रंगभूषा करते. रोज कुणा ना कुणाचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर असतो, तोही आरशाभोवतीच्या दिव्यांच्या पूर्ण उजेडात. डॉक्टरांना जो चेहरा महिन्यातून एकदा दहा मिनिटं दिसतो, तो मला रोज दिसतो. कुणाचं क्रीम बदललं, कुणी रात्री तोंड न धुताच अंग टाकलं, कुणी परवा पील (वरची त्वचा सोलणारा उपचार) करून घेतलं, हे मला विचारावं लागत नाही. बेस लावायला घेतला की कळतं. माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावरही रोज मेकअप असतो, आणि हनुवटीवरच्या पुळ्यांसाठी आणि पुढे वांगासाठी मीही उपचार घेतले आहेत. एवढ्या वर्षांत माझं मत पक्कं झालं आहे ते असं: रोज मेकअप करणाऱ्याचा उपचार ठरवताना मेकअपपासूनच सुरुवात करायला हवी. चेहऱ्यावर काय लागतं, किती तास राहतं, कशाने निघतं आणि सलग किती दिवस त्याशिवाय राहता येईल, हे कळल्यावाचून औषधाचं नाव काढण्यात अर्थ नाही.

मेकअप चालू ठेवून उपचार होतच नाहीत, हा समजही खरा नाही. २००५ साली जपानमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मुरुमांचे उपचार घेणाऱ्या स्त्रियांना मेकअप कसा करावा हे शिकवलं आणि उपचारही चालू ठेवले. पुळ्या वाढल्या नाहीत, आणि त्या स्त्रियांचं रोजचं जगणं सुसह्य झालं. अभ्यास लहानसा होता, पण तो वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं. आरशासमोर बसलेल्या मुलीचे खांदे बेस लागल्यावर कसे सैल होतात, हे मी पाहत आले आहे. उपचार करताना तेही हिशेबात धरायला हवं.

एका अभिनेत्रीचं सांगते. ती खुर्चीत बसता बसताच म्हणाली, "ताई, फाउंडेशन खराब झालंय बहुतेक, आज चार दिवस बेस बसतच नाहीये." मी दिवा जवळ ओढला. नाकपुड्यांच्या कडेला, दोन भुवयांच्या मध्ये आणि ओठांच्या कोपऱ्यांशी बारीक पापुद्रे सुटले होते. फाउंडेशनचा रंग अशा प्रत्येक पापुद्र्याच्या कडेला धरतो आणि तिथे गडद दिसतो. वरून पावडर मारली की ते अधिकच उठून दिसतं. बाटली ठणठणीत होती. मी विचारलं, "रात्री काय लावतेस?" रेटिनॉलचं सीरम, त्याआधी ग्लायकोलिक अ‍ॅसिडचा टोनर, आणि तोंड धुवायला सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू केलेल्या. यातली एकेक वस्तू वाईट नाही. पण तिन्हींचा मारा एकदम झाला, आणि त्यावर रोज बारा तास टिकणारा मेकअप चढत होता आणि रात्री घासून उतरत होता.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर चेहऱ्यावर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाही जाड नसतो. मृत पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिडचा चुना भरलेला, अशी त्याची बांधणी. पाणी आत धरून ठेवायचं आणि बाहेरचं बाहेर, हे काम तो करतो. ज्याला हल्ली सगळे 'स्किन बॅरियर' म्हणतात तो हाच. रेटिनॉइड (रेटिनॉलसारखं, व्हिटॅमिन ए च्या कुळातलं द्रव्य) त्याला सुरुवातीचे काही आठवडे विस्कटतं, अ‍ॅसिड विटांमधली पकड सैल करतं, साबणासारखी द्रव्यं चुना धुऊन नेतात. ज्याचा चेहरा दिवसभर मोकळा असतो, त्याच्या त्वचेला भरून यायला उसंत मिळते. रोज मेकअप करणाऱ्याच्या त्वचेला रोज संध्याकाळी एक जोरदार धुणं सोसावंच लागतं. म्हणून तिला सोसणारा औषधाचा डोस इतरांपेक्षा कमी असतो, हे गृहीत धरून चालावं.

त्या अभिनेत्रीला मी टोनर आणि सीरम दोन्ही थांबवायला सांगितलं, साधा फेसवॉश आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर एवढंच ठेवलं, आणि पुळ्यांसाठी तज्ज्ञाकडे पाठवलं. तिथे तिला अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड मिळालं, आठवड्यातून फक्त दोन रात्री.

दुसरी एक गोष्ट मी खूप चेहऱ्यांवर पाहते. ती डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. जबड्याच्या कडेला, कानाच्या पाळीपुढे आणि केसांच्या रेषेलगत रव्यासारखे बारीक दाणे. लाल नाहीत, दुखत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी लक्षही देत नाही. पण बाजूने उजेड पडला की सगळा गाल खडबडीत दिसतो. अ‍ॅल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स यांनी १९७२ साली सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या या मुरुमांना 'अ‍ॅक्ने कॉस्मेटिका' असं नाव दिलं. ते हळूहळू, महिनोन्‌महिने तयार होतात, म्हणूनच कुठल्या वस्तूने झाले हे पटकन ध्यानात येत नाही. मला ते जास्त कुठे दिसतात? जिथे मेकअप लागतो पण उतरवताना हात पोचत नाही, तिथे. नाक-गाल सगळे नीट पुसतात. जबड्याखाली आणि कानापुढे तोच बेस रात्रभर राहतो.

यावर लोक 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेली बाटली शोधत फिरतात. तो शब्द अगदीच पोकळ नाही, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नये. कुठला घटक छिद्रं बुजवतो याच्या ज्या शून्य ते पाच गुणांच्या याद्या फिरतात, त्यांचा पाया बऱ्याच अंशी सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांचा आहे. सशाच्या कानाची त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा पुष्कळच लवकर बुजते. शिवाय एखादा घटक शुद्ध रूपात जसा वागतो, तसा तो फाउंडेशनमध्ये दोन टक्के असताना वागेलच असं नाही. माझा अनुभव असा की बाटली बदलण्याआधी उतरवण्याची रीत बदलून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच दाणे कमी व्हायला लागतात.

म्हणून उपचारांबद्दल बोलताना मी आधी संध्याकाळबद्दल बोलते, आणि सविस्तर बोलते. टिकाऊ मेकअप टिकतो तो त्यातल्या सिलिकोन आणि राळेसारख्या द्रव्यांच्या पातळ पापुद्र्यामुळे. तो पाण्याला दाद देत नाही, फेसवॉशलाही फारशी देत नाही. मग माणूस दोनदा-तीनदा फेस करून घासतो, आणि मेकअप निघायच्या आधी त्वचेचं तेल निघून जातं. तेलात विरघळणारी गोष्ट तेलानेच काढावी. कोरड्या हातांनी, कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम घ्यावं आणि बोटांच्या पेरांनी मिनिटभर हलकं फिरवावं. जबडा, कानापुढची जागा, केसांची रेषा, नाकाच्या खाचा सुटू देऊ नयेत. मग थोडं पाणी लावलं की ते दुधासारखं पांढरं होतं आणि धुऊन निघतं. त्यावर एक सौम्य फेसवॉश, एकदाच. मस्करा वॉटरप्रूफ असेल तर कापसाचा बोळा भिजवून पापणीवर थोडा वेळ नुसता ठेवून द्यावा, घासू नये. वाइप्स प्रवासात ठीक आहेत. रोज वाइप्सनेच चेहरा पुसणाऱ्यांच्या गालाच्या उंचवट्यावर मला कायमची लाली दिसते, आणि गव्हाळ-सावळ्या रंगावर त्या लालीचं पुढे काळपट डागात रूपांतर होतं.

हत्यारांचंही बघावं लागतं. इंग्लंडमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये लोकांच्या वापरातली मेकअपची साधनं तपासली, तेव्हा बहुतेकांवर जंतू सापडले. ओलसर स्पंजांची अवस्था सगळ्यात वाईट होती. त्यातले ९३ टक्के स्पंज कधीच धुतलेले नव्हते. महागडं सीरम लावणाऱ्या बाईच्या पाकिटात मी मधोमध काळा पडलेला स्पंज पाहिला आहे. पुळ्यांचा उपचार चालू असताना स्पंज दर वापरानंतर धुवावा, पूर्ण वाळू द्यावा आणि ठरावीक काळाने टाकून द्यावा. ब्रश आठवड्याला धुवावेत. यात काही मोठी विद्या नाही, पण औषधाच्या निम्म्या कामावर इथेच पाणी पडतं.

आता रोजच्या औषधांकडे येते. सकाळी मेकअपखाली काय जाणार आणि रात्री मोकळ्या चेहऱ्यावर काय लागणार, अशी विभागणी करून घेतली की निवड सोपी होते. पुळ्यांसाठी रेटिनॉइड हा आजही पाया आहे, आणि ते रात्रीचं औषध आहे ही मेकअपवाल्यांच्या दृष्टीने सोयीचीच गोष्ट. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं. सुरुवातीला आठवड्यातून दोन रात्री, मग हळूहळू वाढवावं. पहिले काही आठवडे सालं निघतात, आणि तेच दिवस मेकअपला सगळ्यात कठीण असतात. म्हणून एखाद्या महत्त्वाच्या कामाच्या तोंडावर रेटिनॉइड सुरू करू नये. कामाचा धबडगा कमी असेल असा महिना बघावा. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. गरोदरपणात किंवा मूल होऊ देण्याचा विचार असताना ते वापरत नाहीत, हे डॉक्टरांना न विचारता दुकानातून रेटिनॉल आणणाऱ्यांना कुणी सांगतच नाही. वरच्या ओठाला किंवा गालाला वॅक्सिंग करणार असाल तर त्याच्या आधी काही दिवस ते थांबवावं लागतं, नाहीतर मेणाबरोबर त्वचाही सोलून निघते. मी तशी सोललेली, ओली दिसणारी चकती ओठावर घेऊन आलेली मुलगी पाहिली आहे. त्यावर कुठलाच बेस लावता येत नाही आणि लावूही नये.

पुळ्यांवर बेन्झॉइल पेरॉक्साइडही चांगलं काम करतं. पण ते कपड्यांचे, उशीच्या अभ्र्यांचे आणि नाटकाच्या पोशाखांचेही रंग उडवतं, आणि ट्रेटिनॉइन या रेटिनॉइडसोबत एकाच वेळी लावलं तर त्याला निकामी करतं. ज्यांना मेकअपखाली काहीच चिकट नको असतं, त्यांच्यासाठी ते लावून धुऊन टाकायच्या रूपात सोयीचं पडतं. शिवाय अडीच टक्क्यांचं पेरॉक्साइड जास्त टक्क्यांच्या जवळपास तेवढंच काम करतं आणि कोरडेपणा कमी आणतं, हे जुन्या अभ्यासांतही दिसलं आहे. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण, ही समजूत मेकअप करणाऱ्या चेहऱ्याला विशेष नडते.

माझं स्वतःचं मन अझेलेक अ‍ॅसिडवर बसलं. पुळ्या आणि त्यांच्यामागे उरणारे डाग, दोन्हींवर ते चालतं, आणि गरोदरपणातही सहसा सुरक्षित मानलं जातं. सुरुवातीला चुणचुणतं, खाजतं. मेकअपखाली त्याच्या आणखी एका खोडीला तोंड द्यावं लागतं: वरून सिलिकोनचा प्रायमर (बेसखाली लावायचा थर) घासला की मळ निघावा तशा बारीक वळ्या निघतात. पातळ थर, दहा-पंधरा मिनिटांची सवड, आणि वरचं सगळं चोळण्याऐवजी थापून लावणं, एवढ्याने ते बहुतेक वेळा मिटतं. नाहीच मिटलं तर ते रात्रीकडे सरकवावं.

एका दुखण्यात मात्र "मेकअप बंद करा" हे मी स्वतःच सांगते. तोंडाभोवती, नाकाच्या कडेला बारीक लालसर पुरळ येतं, ओठांच्या अगदी लगतची अरुंद पट्टी मात्र मोकळी राहते. लोक त्याला पुळ्या समजून आणखी औषधं लावतात, आणि ते आणखी भडकतं. याला पेरिओरल डर्मटायटिस म्हणतात. मॉइश्चरायझर, नाइट क्रीम, फाउंडेशन असे थरावर थर चढवणाऱ्यांत आणि चेहऱ्याला स्टेरॉइडचं क्रीम लावणाऱ्यांत ते जास्त दिसतं. त्यावरचा पहिला उपचार म्हणजे शक्य तेवढं सगळं थांबवणं; डॉक्टर त्याला 'झीरो थेरपी'च म्हणतात. अशा वेळी मी दिग्दर्शकाशी बोलून घेते, डोळ्यांचा आणि भुवयांचाच मेकअप करून चेहरा निभावून नेते. तसं करता येतं. विचारलं तर माणसं ऐकतात. अर्थात हे पुरळ आपलं आपण ओळखू नये. डॉक्टरांना दाखवावं, कारण कधी कधी पोटात घ्यायच्या गोळ्याही लागतात.

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ साली त्वचेचा रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र करून डागांसाठी एक मिश्रण मांडलं. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मोजके आठवडे वापरायचं ते औषध. तशा घडणीची क्रीम्स पुढे 'गोरेपणाचं क्रीम' म्हणून हातोहात पसरली. मेकअप करणाऱ्यांना ती इतकी का आवडतात ते मला ठाऊक आहे. आठवडाभरात चेहरा नितळ होतो, छिद्रं दिसेनाशी होतात, बेस लोण्यासारखा सरकतो. दोन-तीन महिन्यांनी मला दुसरंच दिसायला लागतं: गालांवर बारीक लाल शिरांचं जाळं, कानाच्या बाजूला लव वाढलेली, त्वचा इतकी पातळ की ब्रशच्या स्पर्शानेही लाल होते. क्रीम थांबवलं की आग आणि पुळ्या उसळून येतात, म्हणून माणूस घाबरून पुन्हा तेच लावतं. ट्यूबवरची घटकांची यादी वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं काही दिसलं आणि डॉक्टरांनी मुदत ठरवून दिलेली नसेल, तर ते चेहऱ्यावर लावू नका. आधीपासून लावत असाल तर एकदम न सोडता तज्ज्ञाला दाखवून सोडा.

पील, मायक्रोनीडलिंग, लेझर यांच्याबाबतीत पहिला प्रश्न दिवसांचा. त्याला सगळे 'डाउनटाइम' म्हणतात, आणि क्लिनिकमध्ये सांगितला जाणारा डाउनटाइम बहुधा लाली उतरेपर्यंतचा असतो. आपल्याला हवा असतो तो फाउंडेशन बसेपर्यंतचा. हे दोन सारखे नसतात. ग्लायकोलिकचं हलकं पील झाल्यावर दुसऱ्या दिवशी चेहरा ठीक दिसतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सालं सुटतात. नेमका तोच दिवस कॅमेऱ्याचा निघाला की रडकुंडीला येण्याची वेळ. सुटलेली सालं ओढून काढायची नाहीत, त्यावर स्क्रब तर नाहीच नाही. तिथे उरलेला डाग महिनोन्‌महिने जात नाही. रोज मेकअप करणाऱ्यांना मी एकाच मोठ्या पीलपेक्षा अंतराअंतराने केलेली हलकी पील्स बरी असं सांगते. वेळ जातो, पण कामाचा दिवस बुडत नाही आणि सावळ्या रंगाला धोकाही कमी.

मायक्रोनीडलिंगमध्ये सुया त्वचेला हजारो सूक्ष्म वाटा पाडतात. त्या बुजायला साधारण एक दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. त्या वेळात चेहऱ्यावर जे लागेल ते, एरवी जिथे कधीच पोचलं नसतं तिथे पोचतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली: सुयांच्या उपचारासोबत चेहऱ्याला लावलेल्या सीरममुळे त्यांच्या त्वचेत गाठी उठल्या होत्या. सीरमची ही कथा, तर रंगकण, सुगंध आणि संरक्षक द्रव्यं भरलेल्या फाउंडेशनचं काय? म्हणून "संध्याकाळी एक छोटासा कार्यक्रम आहे, हलकाच मेकअप करा" असं म्हणत कुणी सुया टोचून थेट माझ्याकडे आलं, तर मी ब्रश हातात घेत नाही. नाराजी पत्करते.

लेझरच्या आधी चेहरा अगदी स्वच्छ हवा, कारण लेझर रंग शोधतं आणि मेकअपमधले रंगकण तो उजेड शोषून त्वचा भाजू शकतात. पण याहून मोठी गोष्ट लोक सांगायला विसरतात, ती म्हणजे गोंदवलेला मेकअप. भुवयांचं मायक्रोब्लेडिंग, ओठांचा कायमचा रंग. त्या शाईत आयर्न ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि ठरावीक लेझरच्या झोतात तपकिरी, गुलाबी किंवा त्वचेच्या रंगाची शाई क्षणात काळी पडू शकते. १९९३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत याची नोंद आहे. डाग घालवायला गेलेल्या बाईचे ओठ काळे पडावेत, हे आगीतून फुफाट्यात पडणंच. लेझरवाल्याला हे आधी सांगावं, त्याने विचारलं नाही तरी.

वांगाच्या बाबतीत मात्र मेकअप आपल्या बाजूचा आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत नुसती अतिनील किरणंच नव्हे, तर ४०० ते ७०० नॅनोमीटरचा डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग गडद करतो. साधं, न दिसणारं सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही. फाउंडेशनला त्वचेचा रंग देणारे आयर्न ऑक्साइड तो अडवतात. रंगीत सनस्क्रीन वापरणाऱ्यांचं वांग औषधाने जास्त उतरतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. मला वांग झालं तेव्हा हे कळल्यावर मी खरोखर सुखावले. जो बेस मी रोज लावत होते, तो औषधाला हातभार लावत होता. फक्त फाउंडेशनवर लिहिलेल्या एसपीएफवर विसंबून राहता येत नाही. तो आकडा दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम थर देऊन मोजलेला असतो, आणि एवढ्या जाडीचं फाउंडेशन कुणीच लावत नाही. खाली सनस्क्रीन पुरेसं, चेहरा-मानेला दोन बोटं भरून. ते मुरू द्यावं, आणि मग वर आयर्न ऑक्साइडवालं फाउंडेशन.

कोड, जन्मखूण, भाजल्याचे व्रण झाकणाऱ्यांना मी कधीच "हे काढून का टाकत नाही?" असं विचारत नाही. काही खुणा उपचारांनी फिकट होतात, काही होत नाहीत, आणि काहींना उपचार थकवून टाकतात. झाकण्याचा दाट मेकअप हासुद्धा त्वचारोगाच्या उपचारांतला मान्य मार्ग आहे, आणि तो शिकून घेण्यात कमीपणा नाही. कोडासाठी अतिनील किरणांचे उपचार चालू असतील, तर त्या दिवशी सत्र होईपर्यंत त्या जागी मेकअप आणि सनस्क्रीन लावू नये, एवढं मात्र नक्की पाळावं. नाहीतर किरणं पोचतच नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना चेहरा धुऊन, काहीही न लावता जा. बाहेर पडणं जड जात असेल तर तिथे पोचून धुवा. आणि मेकअपचं पाकीट बरोबर न्या, सगळं, रोजचं आणि कधीमधीचं, रिमूव्हरपासून स्पंजापर्यंत. फोनमध्ये येत्या तीन महिन्यांचं वेळापत्रक उघडून ठेवा आणि कुठल्या आठवड्यात सलग चार दिवस मोकळ्या चेहऱ्याने राहता येईल ते दाखवा. चेहरा सारखा खाजत, सुजत असेल आणि अ‍ॅलर्जीची शंका असेल, तर डॉक्टर पाठीवर पॅच टेस्ट लावतात. पट्ट्या दोन दिवस राहतात आणि पुढे पुन्हा एकदा पाहिलं जातं, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उमटतात. अशा चाचणीत तयार संचातल्या द्रव्यांबरोबर तुमचं स्वतःचं फाउंडेशन, तुमची लिपस्टिक, तुमचं क्रीमही लावून बघता येतं. घटकांची यादी असलेली खोकी फेकली असतील तर जाण्याआधी शोधून त्यांचे फोटो काढून ठेवा. दोष कुठल्या एका द्रव्याचा आहे हे कळलं की बाकीचं पाकीट जसंच्या तसं राहतं.